चिंबूचं वीतभर डबकं

समुद्रकाठी एक काळा कातळ. कातळावर एक डबकं. केवढं? वीतभर. त्यात राहायचा चिंबू खेकडा.

एक दिवस सकाळी बघतो तर काय, डबकं सुकलं. पाण्याचा टिपूस नाही. चिंबूची पाठ लागली करकरायला.
"अगं आई गं, आता मी पापडासारखा वाळणार!"

तुरुतुरु तिरका, तुरुतुरु तिरका, चिंबू निघाला.

समुद्रावर होता ढग.
"ढगदादा, ढगदादा, डबकं माझं भरेना. ये ना इकडे."
"कसा येऊ रे? मला पाय कुठेत? वारा ढकलेल तर येईन."

तुरुतुरु तिरका, तुरुतुरु तिरका.

लाटांवर झोके घेत होता वारा.
"वारामामा, वारामामा, ढग हलेना, डबकं माझं भरेना. ढकल ना त्याला."
"गारठलेल्या वाळूकडे कोण जातंय? वाळू तापेल तर सुटेन."

तुरुतुरु तिरका, तुरुतुरु तिरका.

"वाळूमावशी, वाळूमावशी, वारा सुटेना, ढग हलेना, डबकं माझं भरेना. ताप ना जरा."
"माझ्याखाली काय चूल आहे? ऊन पडेल तर तापेन."

तुरुतुरु तिरका, तुरुतुरु तिरका. चिंबू दगडावर चढला.

"सूर्यआजोबा, सूर्यआजोबा, वाळू तापेना, वारा सुटेना, ढग हलेना, डबकं माझं भरेना. ऊन पाडा ना."
"मी कधीचा उठलोय, बाळा. ते धुकं बघ कसं लोळतंय. ते उठेल तर ऊन पाडेन."

तुरुतुरु तिरका, तुरुतुरु तिरका.

धुकं घोरत होतं. घुर्रर्र, घुर्रर्र.
"धुकेताई, धुकेताई, ऊन पडेना, वाळू तापेना, वारा सुटेना, ढग हलेना, डबकं माझं भरेना. ऊठ ना."
"ऊंऽऽ... पाचच मिनिटं."
आणि कूस बदलून परत घुर्रर्र.

आता काय करावं? चिंबूने नांग्या उघडल्या. धुक्याच्या पोटाला लावल्या. गुदुगुदु, गुदुगुदु.
"हीहीही! नको रे, उठते, उठते."

धुकं उठलं.
ऊन पडलं.
वाळू तापली. "हुश्श, उकडतंय बाई." गरम हवा वर गेली.
तशी समुद्राकडून वारा सुटला, सूंऽऽऽ.
ढग हलला. घरंगळत, घरंगळत गेला आणि कातळामागच्या डोंगराला धडकला.
गडड-गुडुम!

चिंबू दचकला. डोळे आत.

टप.
टप टप.
सरसर, सरसर, सरसर.

डोळे बाहेर. डबकं काठोकाठ!
डुबुक. चिंबू आत.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुकं परत लोळत होतं. एक डोळा किलकिला.
"चिंबू, मी अजून झोपलेय हं."
गुदुगुदु, गुदुगुदु.
आणि दुपारी पुन्हा सरसर, सरसर.

गोष्ट भिजली चिंब, दोरीवर वाळत घाला.