हसरा फोटो

शिराळ्याच्या मसाला कारखान्यात बायका टिकत नव्हत्या. मालक अप्पासाहेबांनी रस्त्यावर मोठा फलक लावला. त्यावर हसरी बाई आणि खाली ‘इथे काम म्हणजे माहेर’. तरी कोणी फिरकेना. ते कारखान्यातल्या जुन्या कामगार मंजुळामावशींवर चिडले.

“दहा बायका आणा, नाहीतर कांडप बंद! फलकावरची बघा, कशी हसतेय!”

“ती फोटोपुरती आली होती, मालक. तुम्ही मिरचीच्या खोलीत पाव तास बसा की. खिडकी नाही तिथं. तुमचा हसरा फोटो निघाला, तर दहा बायका आजच आणते.”

अप्पासाहेब ऐटीत आत गेले आणि दोन मिनिटांत शिंकत, डोळे पुसत बाहेर आले.

“मावशी, उद्याच गवंडी बोलावतो. खिडकी झाली की बायका आणाल ना?”

मावशींनी त्यांच्यापुढे पाण्याचा तांब्या धरला. “खिडकी होऊ द्या, मालक. बायका आपणहून येतील.”