बनाक्काची उलटी पिशवी

फार फार वर्षांमागं, करंजमाळाला अजून सडक आली नव्हती तेव्हा, तिथं बनाक्का नावाची बाई राहायची. ती पिशव्या शिवायची. नवरा लवकर गेला, पदरात एक लेक, मथुरा. शेत नाही, गोठा नाही. हातात सुई, बस्स.

गावातली पोर सासरी निघाली की तिची आई जुनेर घेऊन बनाक्काच्या दारात यायची. बापाच्या पटक्याचा तुकडा, आईच्या लुगड्याचा काठ, भावाच्या बंडीचा खिसा. बनाक्का ते सगळं जोडून पिशवी करायची. परक्या घरात पोरीनं ती उघडली की माहेरचा वास यायचा. बनाक्का दोरा मेणावरून ओढून घ्यायची, आणि शिवण संपली की आत, बुडाच्या कोपऱ्यात, मुंगीएवढी गाठ मारायची. ती गाठ दुसऱ्या कुणाला कधी जमली नाही. दोन्हीकडून बैल जुंपून ओढले तरी तिचा टाका उसवत नसे, असं म्हणतात.

मग पेठेतून हंसाची पिशवी आली.

पिशवी साध्याच कापडाची, पण तोंडाशी एक पितळी हंस बसवलेला. पहिली आणली पाटलीणबाईंनी. बाजाराला निघाल्या की हंस लोकांकडे करून चालायच्या. आत मेथी आणि कांदेच असायचे. पण बघता बघता बायांना आपल्या ठिगळांच्या पिशव्यांची लाज वाटायला लागली. कुणी त्यात शेण्या भरल्या, कुणी चुलीपुढचं पोतेरं केलं. बापाचा पटका, आईचं लुगडं, त्यानं राख पुसायची! आणि लग्नाच्या रुखवतात हंस दिसला नाही की विहिणी नाकं मुरडायच्या.

बनाक्काच्या दारात कुणी येईना. तेवढ्यात एक दलाल आला. म्हणाला, "साध्या कापडाच्या शीव. गाडी भरून नेतो."

"कुठं नेतोस रं?"

"लांब. तुला काय करायचंय, बये?"

पोट होतं, लेकीचं लग्न तोंडावर होतं. बनाक्का शिवत राहिली.

पण मथुराची पिशवी तिनं वेगळी ठेवली होती. मथुरा पाळण्यात होती तेव्हापासून ती एकेक तुकडा जोडत आली होती. तिच्या कुंचीचा, तिच्या बापाच्या पटक्याचा, स्वतःच्या लग्नातल्या लुगड्याचा. बनाक्काला जगात दुसरं काही नको होतं. मांडवात कुणी विचारलं तर लेकीनं तोंड वर करून म्हणावं, 'ही माझ्या आईनं शिवली.' एवढंच.

मथुरानं पिशवी हातातसुद्धा घेतली नाही. "आये, मला हंसाची पाहिजे. त्याबिगर मी बोहल्यावर चढायची न्हाई."

"अगं, ह्यात तुझ्या बाचा पटका हाय."

"बा गेला, पटक्याचं काय कौतुक? लोकांना काय दिसतंय? ठिगळं."

बनाक्कानं पायातले चांदीचे वाळे काढले, पेठेत जाऊन विकले आणि हंसाची पिशवी घेतली. परत येताना ओढ्याकाठी बसली, सहज पिशवीत हात घातला. बोटं बुडाच्या कोपऱ्यात गेली आणि तिथंच थांबली. मुंगीएवढी गाठ. लेकराच्या डोक्यावरचा भोवरा आईला अंधारातही कळतो, तशी तिला ती कळली. दलालानं तिच्याच दारातून गाडी भरून नेली होती आणि पेठेत हंस ठोकला होता. तेवढ्यानं ती बड्यांची झाली. आपलीच पिशवी बनाक्कानं आपल्याच पायातली चांदी मोडून विकत घेतली होती.

घरी येऊन म्हणाली, "मथे, आत हात घाल. ही गाठ कुणाची?"

मथुरानं हात घातला. ती गाठ बघतच लहानाची मोठी झालेली पोर. तिनं हात झटकन बाहेर काढला. "असंल तुझी. पर कुणाला बोलू नगंस, आये. हंसाची शान जाईल."

लग्नाच्या दिवशी रुखवतात मधोमध हंस बसला. बनाक्कानं आपली ठिगळांची पिशवीही हळूच शेजारी ठेवली. नवरदेवाच्या आईनं ती दोन बोटांत धरून वर उचलली.

"अगं बया, ही काय रुखवतात? शेळीची झूल म्हणायची का पिशवी?"

मांडव हसला. हसणाऱ्यांत करंजमाळच्याही बाया होत्या.

"कुणी शिवली गं, सूनबाई?"

मथुरानं आईकडं बघितलं, मग हंसाकडं. "आमच्याकडं एक बाई येती, झाडलोट-सारवण करायला. तिनं दिलीया. तिचं मन मोडवंना."

"आणि ही?"

"ही पेठेतली."

बनाक्का मांडवाच्या मेढीला टेकून उभी होती. रडली नाही. खाली बसली, मांडीवर पदर पसरला आणि कोंबड्यांना हाक मारावी तशी हलक्या आवाजात आपल्या गाठींना म्हणाली, "चला गं बायांनो, घरला चला."

आणि दोरा निघाला. मथुराच्या हंसाच्या पिशवीतून निघाला, पाटलीणबाईंच्या नव्या पिशवीतून निघाला, विहिणीच्या काखेतल्या पिशवीतूनही निघाला. मुंग्यांची रांग यावी तसा जमिनीवरून आला, बनाक्काच्या पदरात चढला आणि त्याचा गुंडा होत गेला. पिशव्यांची फडकी झाली. सुपाऱ्या, करंडे, चोरून घेतलेले लाडू, सगळं गडगडलं. पितळी हंस ठणाठणा खाली पडले. लांबच्या लांब राण्यांच्या महालातही त्या घटकेला हंस पडले, असं म्हणतात.

ठिगळांची पिशवी तेवढी शाबूत राहिली. तो दोरा बनाक्कानं बोलावलाच नव्हता.

मथुरा खाली वाकली. पिशवी आणि हंस, दोन्ही लेकीच्या हाताशी होते.

लेकीनं हंस उचलला.

बनाक्का गुंडा काखेला मारून डोंगराकडं चालू लागली. तिला कुणी थांबवलं नाही. सगळे पितळ वेचत होते. डोंगरातल्या बाभळींवर पिवळ्या दोऱ्यासारखा वेल पसरलेला दिसतो ना, तो तिचाच दोरा, मेणाच्या रंगाचा, असं म्हणतात.

त्यानंतर करंजमाळात टाका टिकेना. वाकळ शिवली की उसवायची, बंडी अंगावरच फाटायची, झोळीतलं लेकरू खाली यायचं. बाया सुया घेऊन रडायच्या. शेवटी मथुरा आली, केस पिकलेली, मांडवात टाकून गेलेली तीच ठिगळांची पिशवी हुडकून, उराशी धरून. आईच्या उंबऱ्यावर तिनं ती उलटी केली, गाठ वर आणली आणि साऱ्या गावादेखत ओरडली, "ही माझ्या आईनं शिवली!"

त्या दिवसापासून गावात टाका टिकायला लागला. पण जिला ऐकायचं होतं ती कुठं होती?

करंजमाळच्या रुखवतात आजही पिशवी उलटी मांडतात, शिवण बाहेर आणि छाप आत. गावची म्हातारी विचारते, "कुणी शिवली?" नवरीनं मोठ्यानं म्हणायचं, "बनाक्कानं, माझ्या आईनं." तोवर अक्षता पडत नाहीत.

आता त्या पिशव्या दुकानातूनच येतात, हंसापेक्षा मोठाल्या नावांच्या. कुठल्या पत्र्याच्या शेडमध्ये, कुणाच्या लेकीबाळींनी मान मोडून शिवल्या, कुणी विचारत नाही. मथुरा मांडवात खोटं बोलली आणि आजच्या ह्या नवऱ्याही खोटंच बोलतात. पण ह्यांच्या खोट्यात निदान बाईचं नाव असतं, आणि तेवढा वेळ हंसाला आत तोंड करून बसावं लागतं.