माळजाईची अबोली बोलली तो दिवस

माळजाईच्या देवळासमोर उभं राहिलं की दोन वाफे दिसतात. उजवा उघड्या उन्हात, त्यात मोगरा. डावा फणसाच्या सावलीत, त्यात अबोली. हिवाळ्यात या, मोगऱ्याची माती कोरडी ठणठणीत असते आणि अबोलीच्या मातीत बोट घातलं तर ओलं निघतं. पाहुण्यांना वाटतं, पाणी घालणारा आळशी असेल, एकाच वाफ्याशी थांबत असेल. मग म्हातारे भिकाजी गुरव हातातली परडी खाली ठेवतात, पायरीवर टेकतात आणि गोष्ट सांगायला घेतात. ती अशी.

फार पूर्वी या देवळाची पूजा दाजी गुरवांकडे होती. त्यांना दोन सुना. थोरली द्वारकी घाटावरची. येताना तिने माहेरचा मोगरा आणला होता. धाकटी सरसू खाडीकाठची. तिने पदराच्या गाठीत अबोलीचं बी आणलं होतं. अर्थात तेव्हा त्या फुलाला इथे नाव नव्हतं. लोक नुसतं केशरी फूल म्हणत. देवीच्या वेणीत मान मोगऱ्याचा. वैशाखातल्या जत्रेला त्याच्या वासाने गाभारा भरून जायचा. सरसूचं फूल दिसायला देखणं, चार दिवस कोमेजायचं नाही, पण वास म्हणून नाही. द्वारकी थट्टेने म्हणायची, "तुझं फूल तुझ्यासारखंच गं, उगाच गप्प." सरसू हसून घ्यायची. दोघींचं तसं बरं होतं.

एका वर्षी कार्तिकात द्वारकी बाळंतपणासाठी माहेरी निघाली. गाडीत बसताना तिने सरसूचा हात धरला आणि मोगऱ्याला जप, एवढंच सांगितलं. कसं जपायचं ते सांगायचं राहून गेलं.

सरसूला आपल्या रोपांची सवय. अबोलीला रोज पाणी लागतं, ऊन लागलं तर पानं मलूल होतात, वाळलेला तुरा तेवढा खुडायचा, बाकी कात्री लावायची नाही. तिने मोगऱ्यालाही तसंच जपलं. रोज सकाळी घागर ओतली. एक पान तोडलं नाही. मोगरा असा माजला म्हणे, की वाफ्यात माणूस लपावं. हिरवागार, तुकतुकीत. सरसू त्याच्याकडे बघून मनात म्हणायची, वैनी आली की खूश होईल.

माघ सरला, फाल्गुन निम्मा झाला, तरी कळी धरेना. गाव कुजबुजू लागलं. ज्या फुलाला वास नाही त्याला मान मिळावा म्हणून धाकटीने जावेचा मोगरा पाण्यात बुडवला, असं बोलणं पाणवठ्यावर सुरू झालं आणि तिथून घरात आलं. सरसूचा नवरा गलबतावर गेलेला. तिची बाजू घेणारं कुणी नव्हतं. दाजींनी तिला देवळासमोर उभं केलं आणि सांगितलं की जत्रेच्या दिवशी देवीसमोर निवाडा होईल, दोष ठरला तर तिने माहेरची वाट धरावी. सरसू सांगायला गेली, पण प्रत्येक शब्दाला कुणी ना कुणी उत्तर देत होतं. शेवटी ती गाभाऱ्याकडे वळली.

"माळजाये, मोगऱ्याची पहिली कळी तुझ्या पायांवर ठेवीन, तेव्हाच तोंड उघडीन."

त्या दिवसापासून ती बोलली नाही.

शिमगा झाला आणि शेजारची शेळी कुंपणातून आत शिरली. मोगऱ्याची भिंतीकडची बाजू तिने खोडापर्यंत ओरबाडली. त्या बाजूला सरसूच्या घागरीचं पाणीही कधी नीट पोचत नसे. सरसूने कपाळाला हात लावला. पण काही दिवसांनी ती तिथे वाकली आणि तशीच वाकून राहिली. ओरबाडलेल्या काड्यांना नवे लालसर कोंब फुटले होते आणि प्रत्येक कोंबाच्या टोकाला टाचणीच्या डोक्याएवढ्या कळ्या होत्या. बाकी सगळं झाड नुसतं पानांनी लगडलेलं. तिने शेंड्यापासून बुंध्यापर्यंत दोन्ही बाजू पुन्हा पुन्हा पाहिल्या. मोगऱ्याला माया वेगळी लागते, हे तिला त्या घडीला कळलं.

ती धावत घरात गेली आणि कोयती घेऊन आली. सपासप फांद्या उतरवल्या. राहिल्या काड्यांची पानं मुठीने ओरपून काढली, बुंध्याची माती उकरून मुळांना ऊन दाखवलं. बायका ओरडत धावल्या. दाजी सोवळ्यानेच बाहेर आले. काय चालवलंयस म्हणून विचारलं. सरसू घामाने निथळत होती. ओठांवर आलेलं तिने गिळलं, भिंतीकडच्या कळ्यांकडे बोट दाखवलं. पण दाजींचं लक्ष खाली पडलेल्या हिरव्या राशीवर होतं. दोष आता उघडच दिसतोय, असं म्हणून ते आत गेले.

चैत्रभर वाफ्यात नुसते खुंट. सरसूने मन घट्ट करून पाणी तोडलं. शेजारी अबोलीला घागर ओतताना तिचे डोळे भरून यायचे. मग खुंटांवर लाल ठिपके दिसले, तेव्हा तिने पाणी सोडलं, तेही बेताने. आणि कोंब असे निघाले, की सकाळी पाहावं तर एक आणि संध्याकाळी दुसरं! जत्रेच्या आदल्या दिवशी पान दिसेना इतक्या कळ्या होत्या. माणसं कुंपणाला लोटली. तरी पाणवठा गप्प बसला नाही. फुलं देवीच्या कृपेने आली, हिने तर झाड मारायला घेतलं होतं, असं म्हणणारेही होतेच.

जत्रेच्या सकाळी ढोल लागले. तान्ह्याला घेऊन द्वारकीची गाडी त्याच वेळी देवळाशी आली. सरसूने ओंजळभर कळ्या देवीच्या पायांवर ठेवल्या. दाजींनी ढोल थांबवले आणि ते म्हणाले, "आता बोल. मोगऱ्यावर कोयती का चालवलीस?"

सरसूने तोंड उघडलं. पण इतके दिवस अडवलेला आवाज बाहेरच येईना. सगळा गाव तिच्या तोंडाकडे बघत होता. तिने पदराची गाठ सोडली. आत अबोलीचे वाळलेले तुरे होते. जावंच लागलं तर बी सोबत असावं, म्हणून तिने ते बांधून ठेवले होते. तेच तिने दोन्ही हातांत पुढे धरले. काय करावं ते दाजींना सुचेना. त्यांनी कलशातलं तीर्थ तिच्यावर आणि त्या तुऱ्यांवर शिंपडलं.

क्षणभर काही नाही. मग एक तुरा तडकला. मग दुसरा. आणि मग तड तड तड असा एकच कल्लोळ उठला. बिया उडून दाजींच्या छातीवर, समईवर, देवीच्या पायांवर जाऊन पडल्या. लोक दचकून मागे सरले आणि पुन्हा पुढे रेटले.

गर्दीतून वाट काढत द्वारकी आली. तिने सरसूला जवळ ओढलं. "ही अबोली झाली, तर हिचं झाड बोललं," ती म्हणाली. "मोगऱ्याचं पाणी दर हिवाळ्यात मीच तोडते आणि माघात तो छाटते, मामा. सगळे मळणीत गुंतलेले असता, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. हिला सांगायचं मीच विसरले."

दाजींनी सुनेपुढे हात जोडले, असं सांगतात. सरसूचा आवाज तेव्हा फुटला. तिने कुणाला बोल लावला नाही. जावेला एवढंच म्हणाली, "वैनी, बाळ दे माझ्याकडे."

त्या केशरी फुलाला अबोली हे नाव इथे तेव्हाच पडलं, असं आमचा गाव मानतो. त्या दिवशी देवीची वेणी पहिल्यांदा दोन्ही फुलांची गुंफली. मोगऱ्याने रात्र घमघमवली आणि दुसऱ्या दिवशी मान टाकली, अबोलीने जत्रा उठेपर्यंत रंग धरला.

आजही जत्रेच्या सकाळी ढोल थांबतात. गावात त्या वर्षी आलेली सर्वांत नवी सून वाळलेल्या तुऱ्यांवर तीर्थ शिंपडते आणि सगळा गाव श्वास रोखून उभा राहतो. तडतड संपली की पहिलं बोलणं तिचं. तिला जे म्हणायचं असेल ते ती म्हणते, आणि तिचं म्हणून होईपर्यंत सासरा असो की गावचा मानकरी, मध्ये कुणी तोंड घालत नाही.