महाराजांची पगडी आणि परतीची गाडी

"बंद! पुढच्या गुरुवारपासून ही म्हातारी मंडळी माझ्या गाडीत दिसता कामा नयेत!"

आंबेघाटच्या फलाटावर श्रीमंत तुळाजीराव महाराज पाय आपटत होते. गाडी त्यांच्या मोरखिंड संस्थानची, रूळ संस्थानचे, इंजिनाची शिट्टीसुद्धा संस्थानची. मग पाय आपटायचा हक्कही त्यांचाच! समोर काठ्या, डबे, पिशव्या सांभाळत म्हाताऱ्यांचा कंपू उभा होता. ही दोस्तमंडळी दर गुरुवारी मोरखिंडहून सकाळच्या गाडीनं आंबेघाटला यायची, आमराईत जेवायची आणि दिवेलागणीला घरी परतायची. आज नेमका महाराजांचा डबा त्यांच्या डब्याला लागून जोडला होता.

"काय तो कलकलाट!" महाराज गरजले. "सबंध वाट डोळ्याला डोळा लागू दिला नाही!"

विठूनानांचं तोंड एवढंसं झालं. बायको गेल्यापासून नाना एकटेच राहायचे. "महाराज, गुरुवार येतो म्हणून बाकीचे दिवस निघतात हो," ते कसेबसे बोलले.

ते ऐकून वेणूआत्या पुढे सरसावल्या. वेणूआत्या म्हणजे मोरखिंडची सुईण. अर्ध्या गावाला जन्मल्या जन्मल्या त्यांनीच रडवलेलं, त्या राजाला कसल्या भितात!

"महाराज, या वयात आम्ही गप्पा नाही मारायच्या तर काय मल्लखांब करायचा?"

महाराजांच्या मागे उभ्या दिवाणजींनी जीभ चावली. महाराज हट्टाला पेटले.

"असं काय? मग ऐका! परतताना मी तुमच्याच डब्यात बसणार. इथून गाडी सुटल्यापासून मोरखिंड येईपर्यंत तुम्ही मोठमोठ्यानं बोलायचं. कुजबुज चालणार नाही! आणि मला त्यातलं एक अक्षर ऐकू येता कामा नये. कानात बोळे घालणार नाही, आधीच सांगतो! जमलं तर जन्मभर फिरा. नाही जमलं तर गुरुवार बंद!"

"संपलं," नाना पुटपुटले.

वेणूआत्यांनी मात्र महाराजांकडे नीट पाहिलं. डोळे लाल, जांभयांवर जांभया आणि उगाचची किरकिर. असली किती पोरं त्यांनी मांडीवर घेतली होती!

"कबूल!" त्या म्हणाल्या. "पण आधी आमच्या पंगतीला चला. आमच्या आमराईतून तुम्ही उपाशी गेलात तर आम्हाला घास गिळवेल का?"

आमराईत डबे उघडले. पुरणपोळीचा वास सुटला, पुरणात जायफळ सढळ हातानं पडलेलं. दिवाणजींना पित्ताचा त्रास, ते ताकावर राहिले. महाराज मात्र मांडी घालून बसले आणि फसले!

"बस्स!"

"बस्स काय? ही चिमाकाकूंच्या हातची. घ्या!"

"आता पुरे!"

"ही नानांनी लाटलीय. वेडीवाकडी आहे म्हणून नको होय?"

"बरं, अर्धीच!"

"अर्धी वाढत नाहीत आमच्यात!"

"निदान तूप तरी नको!" महाराजांनी पानावर हात आडवा धरला. आत्यांनी बोटांच्या फटीतून तूप ओतलं.

पंगत दिवेलागणीपर्यंत रंगली. गाडी आली तेव्हा महाराजांना दोघांनी धरून डब्यात चढवावं लागलं. खिडकीशी टेकत ते म्हणाले, "हं, आता बोला बघू..." आणि शिट्टी व्हायच्या आत घोरायला लागले! गाडी पाळण्यासारखी डुलत निघाली, महाराजांची मान कलली, पगडी घसरली. आत्यांनी ती वरच्या वर झेलली.

"खाली ठेवू नका!" दिवाणजी किंचाळले. "संस्थानचा मान आहे तो! जमिनीवर नाही, बाकावर तर मुळीच नाही!"

"मग ठेवू कुठं?"

"पगडीची जागा डोक्यावर!"

"महाराजांच्या डोक्यावर तर टिकत नाही. तुम्ही घ्या!"

"माझ्या डोक्यावर माझी आहे की!"

"मग काय, आमची डोकी आहेतच!" आत्यांनी पगडी नानांच्या डोक्यावर ठेवली. आणि असा काही गोंधळ उडाला म्हणता! नानांना शोभते, छे, चिमाकाकूंना शोभते, नको गं बाई, मी तर कोतवाल दिसते! चिमाकाकूंना ऐकू कमी, त्यामुळे त्यांचा आवाज पार इंजिनापर्यंत. पगडी डोक्याडोक्यावरून फिरली, मोरखिंड आलं तरी भांडण मिटेना.

गचका बसला. महाराज खडबडून जागे झाले.

"हरलात! सगळं ऐकलं मी!"

"महाराज, तुम्ही झोपला होतात," आत्या म्हणाल्या.

"कोण झोपलं होतं? नुसते डोळे मिटले होते!"

"हो का? मग आम्ही काय बोलत होतो ते सांगा."

"त्यात काय सांगायचं? सुनांच्या कागाळ्या!"

"सुनेचं नावसुद्धा निघालं नाही! सबंध वाट आम्ही घसा फोडून भांडत होतो, महाराजांची पगडी कुणाला शोभते म्हणून!"

"काहीतरीच! पगडी तर माझ्या डोक्या..." महाराजांनी हात वर नेला. हात गुळगुळीत टकलावरून घसरला!

कोपऱ्यात विठूनाना बसले होते. पगडी त्यांच्या नाकापर्यंत उतरली होती. आतून आवाज आला, "महाराज, मला जरा सैल होते."

"मी साक्षीला आहे, सरकार," दिवाणजी खाली मान घालून म्हणाले. "आवाज मोठेच होते. मी... मीसुद्धा चिमाकाकूंच्या बाजूनं भांडलो."

महाराज क्षणभर लालबुंद झाले. मग त्यांचं पोट हलायला लागलं, मिशा थरथरल्या, आणि ते असे खो खो हसले की फलाटावरचे हमाल धावत आले!

"जिंकलात, आत्या! आजपासून दर गुरुवारी माझा गाद्यांचा डबा तुमचा. शेवटची काठी चढल्याशिवाय गाडी हलणार नाही. नाना, ऐकलंत का? कितीतरी दिवसांत असा झोपलो नव्हतो मी! पुढच्या गुरुवारी मीही येणार!"

नानांनी पगडी वर सरकवून डोळे पुसले. आत्यांनी सगळं चिमाकाकूंच्या कानात ओरडून सांगितलं. काकूंनी कपाळाला आठ्या घातल्या.

"यावं की! पण महाराज, तुम्ही आपले शेजारच्या डब्यात बसा. तुमच्या घोरण्यात आमच्या गप्पा ऐकू येत नाहीत!"