कोऱ्या कागदावरची झुंज

काजळ्या आणि भिंगऱ्या यांची झुंज लागली तर जिंकेल कोण? एवढ्या एका प्रश्नापायी कुसूरगडच्या राजवाड्यात राजा-राणीचं बोलणं बंद झालं होतं. बरं, हे दोघे कुणी सरदार-बिरदार नव्हेत हो! परसू चित्रकथ्याच्या पोथीतली, म्हणजे चित्रांच्या गठ्ठ्यातली, रंगवलेली माणसं. परसू एकेक चित्र पुढे धरून गोष्ट सांगायचा आणि त्याची मुलगी शेवंती शेजारी बसून हुडूक वाजवायची.

काजळ्या आणि भिंगऱ्या एकाच गुरूचे चेले. तोंडाला काळं फडकं, पावलांचा आवाज नाही, कमरेला फेकून मारायच्या लोखंडी चांदण्या. काजळ्या अंधारात असा मिसळायचा, की कुणाला म्हणून दिसायचा नाही. भिंगऱ्याच्या पायाला खरोखरच भिंगरी. भर उन्हात पळाला तरी तोही कुणाला दिसायचा नाही. दोघांचं हाडवैर, आणि गंमत अशी, की पोथीत ते एकदाही समोरासमोर येत नव्हते.

रायभानराजे काजळ्याच्या बाजूचे, राणीसाहेब भिंगऱ्याच्या. जो दिसतच नाही त्याला मारणार कोण, असं राजे जेवता जेवता म्हणाले. जो सापडतच नाही त्याला मारणार कोण, असं राणीसाहेबांनी विचारलं, आणि ताटं तशीच राहिली. मुदपाकखान्यातही दोन तट पडले. दिवाणजी बिचारे मध्ये पडून म्हणाले, दोघेही थोर. तेव्हापासून त्यांच्याशी दोघांनीही अबोला धरला.

शेवटी परसूला बोलावणं आलं. झुंजीचं चित्र काढ आणि परवा दरबारात दाखव, असा हुकूम झाला. बरोबरी चालणार नाही, गुरू मध्ये पडलेला चालणार नाही, पावसाने झुंज मोडलेली तर मुळीच चालणार नाही.

"काजळ्या हरला तर तुझी पोथी जप्त," राजे म्हणाले.

"आणि भिंगऱ्या हरला तर मी ती चुलीत घालीन," राणीसाहेब म्हणाल्या.

तोवर पोथी वाड्यावरच ठेवून घेतली. परसूच्या तोंडचं पाणी पळालं. पोथी त्याच्या आजोबांच्या हातची. शिवाय चित्रकथ्याचा नियमच असा, की समोर चित्र असेल तेवढंच बोलायचं. चित्र नाही तर गोष्ट नाही. पोथी गेली की परसू कायमचा मुका! घरी येऊन तो कुंचला हातात घेऊन नुसता बसून राहिला. शेवंतीला बापाची दया आली, आणि राजा-राणीचा मनस्वी राग आला.

"बाबा, हे चित्र मी करते," ती म्हणाली.

"तू? अगं, तू काढलेल्या घोड्याला लोक शेळी म्हणाले होते."

"म्हणूनच म्हणते, हे मलाच जमेल."

ठरल्या दिवशी दरबार खच्चून भरला. शेवंतीने हुडूक घुमवला आणि कागद उंच धरला. पांढराशुभ्र, कोरा करकरीत कागद!

"चित्र कुठे आहे?" राजांनी विचारलं.

"हे काय, महाराज! झुंज अगदी रंगात आली आहे. काजळ्या डोळ्यांना दिसला, तर तो काजळ्या कसला?"

राजांना मान हलवावीच लागली. मग भिंगऱ्या कुठे आहे, असं राणीसाहेबांनी खोचून विचारलं. शेवंती म्हणाली, आत्ताच इथून गेला, आपली पापणी लवली ना, तेवढ्यात. चित्रकथ्यांची चित्रं पाठीला पाठ चिकटवलेली असतात, हे राणीसाहेबांना ठाऊक होतं. त्यांनी कागद उलटा करायला लावला. मागची बाजूही कोरीच. पळता पळता दोघेही तिकडे गेलेत, असं शेवंतीने सांगून टाकलं.

"पण जिंकलं कोण?" राजे कडाडले. परसूने डोळेच मिटून घेतले. पण शेवंतीला आता माघार घेऊन कसं चालेल?

"दिसला तो हरला, ही त्यांच्या गुरूची शिकवण, महाराज. तेव्हा आपण भिंगऱ्याला शोधा, राणीसाहेबांनी काजळ्याला शोधावं. दिसला की त्याच्यावर बोट ठेवायचं. निकाल तिथेच!"

राजे सिंहासनावरून तरातरा खाली उतरले. कागदाच्या कोपऱ्यात भिंगऱ्या दिसला म्हणत त्यांनी बोट पुढे केलं.

"महाराज, नीट बघा हं," शेवंती हळूच म्हणाली. "तिथे काजळ्या लपलेला असला, तर तो आपल्याच बोटाने पकडला जायचा."

राजांचं बोट हवेतच थांबलं. राणीसाहेब खुदकन हसल्या आणि स्वतः पुढे झाल्या. पण कागदाजवळ बोट नेलं मात्र, त्यांनाही धीर होईना. न जाणो, आपलाच भिंगऱ्या तिथे असला तर? राजे वाकले, राणीसाहेब वाकल्या. दोघेही कागदाला नाक लावून कोरी जागा न्याहाळू लागले. दरबारी मंडळी टाचा उंचावून बघू लागली. दिवाणजी तर चष्मा पुसून आले.

"जरा सरकता का? माझ्या उजेडात येताय," राणीसाहेब राजांना म्हणाल्या. इतक्या दिवसांत त्या त्यांच्याशी प्रथमच बोलल्या होत्या.

राजे सरकले. मग त्यांनी एकदा कागदाकडे पाहिलं, एकदा आपल्या अधांतरी बोटाकडे पाहिलं. मिशीतल्या मिशीत हसू फुटलं, पण ते त्यांनी दाबलं.

"पोरी, एवढं खरं सांग. हे चित्र काढताना तुला कोण जिंकताना दिसला?"

"हो, सांगच," राणीसाहेबही म्हणाल्या.

"मला?" शेवंती म्हणाली. "मला दोघांपैकी एकही दिसला नाही, महाराज. म्हणून तर चित्र इतकं हुबेहूब उतरलं!"

राजे पोट धरधरून हसले. राणीसाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं तरी हसू थांबेना. परसूची पोथी राजांनी स्वतःच्या शेल्यात गुंडाळून त्याला परत दिली, राणीसाहेबांनी हातातली पाटली काढून शेवंतीच्या हातात घातली, आणि ते चित्र दरबारात मधोमध टांगायचा हुकूम सुटला.