कुंदाच्या झाडाची माती

"पाणी कमी पडतंय का, महाराज?"

अव्होकॅडोच्या बुंध्याशी उकिडवे बसून अच्युतमहाराज वर बघत होते. शेंड्याची पानं झडून गेली होती. उरलेली पिवळी पडून, माना टाकून लोंबत होती.

विश्वंभरला राहवेना. "सकाळ-संध्याकाळ पाणी घालतो. पावसानं उघडीप दिली की लगेच. एकही पाळी चुकवलेली नाही."

"एकही?"

"एकही नाही." त्याच्या आवाजात थोडा ताठा होता.

झाड कुंदाचं, त्याच्या बायकोचं. पेल्यात बी रुजवून तिनंच ते भातखाचराच्या कडेच्या या सखल परसात लावलं होतं. पहिलं फळ धरलं त्या वर्षी ती गेली. तेव्हापासून विश्वंभर घरात कमी आणि झाडापाशी जास्त असे. खोल आळं करून त्यात बादल्या ओतायचा आणि पाणी मुरेपर्यंत तिच्याशी बोलत बसायचा. अलीकडे पाणी मुरायला फार वेळ लागे. त्याला ते बरंच वाटे.

"यंदा फळं मात्र बख्खळ धरलीत," तो म्हणाला.

"केवढाली?"

"…सुपारीएवढी. मोठी व्हायच्या आत गळतात."

महाराजांनी खुरप्यानं माती उकरली. वीतभर खाली पाणीच लागलं. कुबट वास सुटला. त्यांनी एक बारीक मूळ ओढून विश्वंभरच्या तळव्यावर ठेवलं. काळं ठिक्कर. त्यानं चिमटीत धरलं, तर ते मोडलं.

"पण झाड तर तहानल्यासारखं दिसतंय."

"तहानलेलंच आहे."

"एवढ्या पाण्यात?"

"साचल्या पाण्यात मुळांना श्वास मिळत नाही. मग रोग शिरतो, मुळं कुजतात. झाडानं प्यायचं कशानं?"

विश्वंभर तळव्याकडे बघत राहिला.

"म्हणजे मीच…"

महाराजांनी उकरलेली माती परत लोटली.

ओसरीत विश्वंभरनं अव्होकॅडोचं एक नवं कलम आणून ठेवलेलं होतं. त्याच्याकडे बघत तो म्हणाला, "हे झाड गेलंच, तर याच खड्ड्यात ते लावीन. जागा तरी तिची राहील."

"रोग मातीत राहतो, विश्वंभर. तेही जाईल."

"मग कुठं लावू?"

महाराजांनी डोंगराच्या उताराकडे बोट केलं. तिथं त्यांचा मठ होता. मग उठून त्यांनी ते कलम स्वतःच खांद्यावर घेतलं.

विश्वंभर वाकला. बुंध्याजवळची मूठभर माती त्यानं रुमालात बांधली.

"तिचा हात लागलेली आहे. नव्याच्या मुळाशी एवढीच टाकीन."

महाराजांनी कलम खाली ठेवलं आणि हात पुढे केला.

विश्वंभरनं रुमाल छातीशी धरला. कितीतरी वेळ… मग दिला.

महाराजांनी गाठ सोडली. माती परत बुंध्याशी ओतली, हलक्या हातानं थापली. विश्वंभरला ओट्याच्या पायरीवर बसवून त्यांनी रांजणातून तांब्या भरून आणला आणि त्याच्या पायांवर पाणी सोडलं.

"महाराज, हे काय… तुम्ही माझे पाय…"

तो पाय मागे घेऊ लागला. त्यांनी घोटा धरून ठेवला. बोटांच्या बेचक्यांतला, नखांतला चिखल अंगठ्यानं काढला. त्याच्या वहाणांचे तळ काथ्यानं घासले.

"एवढ्याशा चिखलातूनही तो रोग वर डोंगरावर चढतो," ते म्हणाले. मग स्वतःचे पाय धुतले, खुरपं धुतलं.

विश्वंभरच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. त्यानं ते पुसलं नाही.

"मग तिचं… काहीच न्यायचं नाही?"

महाराजांनी आपल्या उपरण्यानं त्याचे पाय कोरडे केले. कलम पुन्हा खांद्यावर घेतलं.

"चल. वर पाणी थांबत नाही."