रडके धुराडे

“वरच्या नळकांड्याने खालच्या नळकांड्याला झाकायचे. वरचे खालच्यात कधीही घालायचे नाही. आणि का, ते विचारायचे नाही.”

फार फार पूर्वी, ज्या काळचे राजेसुद्धा आता कुणाला आठवत नाहीत, तेव्हा एका डोंगरमाथ्यावरच्या गावात हा नियम होता. हिवाळ्यात तिथे बर्फ पडे आणि सगळे गाव एका मोठ्या घरात राहायला येई. घराच्या मधोमध लोखंडी चूल. तिचा धूर पत्र्याच्या नळकांड्यांच्या धुराड्यातून छपराबाहेर जाई.

जाई म्हणजे, जायला हवा. पण धुराड्याच्या प्रत्येक सांध्यातून काळा चिकट ओघळ गळे. त्याने लिंपलेली माती भिजून निखळे आणि धूर घरभर पसरे. थोरली मंडळी खोकत खोकत म्हणत, “आताच्या सुनांना लिंपताच येत नाही!” सुना पुन्हा लिंपत. धुराडे पुन्हा रडे.

त्या वर्षी साळू नावाच्या मुलीच्या वहिनीला बाळ झाले. इवलेसे बाळ खोकून खोकून जांभळे पडे. गावात सर्वांत वडील असलेल्या आजोबांनी तोड काढली.

“बाळाला धूर सोसत नाही ना? मग बाळंतिणीला गोठ्यात हलवा.”

“गोठ्यात पाणी गोठतंय, आजोबा,” साळू म्हणाली. “बाळाला हलवण्यापेक्षा धुरालाच हलवू या की.”

“मग नीट लिंपा!”

“माती किती थापायची? धुराचा काळा रस वरच्या नळकांड्यातून उतरतो आणि खालच्याच्या बाहेर सांडतो. वरचं टोक खालच्यात घातलं, तर तो आतल्या आत चुलीत जाईल.”

“छपरावरची कौलं बघ. वरचं कौल खालच्यावरच असतं!”

“कौलांवर पाणी बाहेरून पडतं, आजोबा. इथं ओघळ आतून आहे.”

थोरल्यांतल्या आत्याबाई फणकारल्या, “आज वरचं खालच्यात शिरलं, तर उद्या सुना आम्हाला चूल फुंकायला लावतील!”

“मग फुंका. ऊब तुम्हालाही लागतेच ना?”

दुपारी थोरली मंडळी उन्हात जाऊन बसली, तशी साळूने चूल विझवली. चूल निवल्यावर तिने आणि गावच्या सुनांनी मिळून धुराडे उतरवले. काजळी खरवडली, ती टोपलीभर निघाली. मग प्रत्येक नळकांडे उलटे करून त्याचे निमुळते टोक खालच्याच्या तोंडात घट्ट बसवले. सांध्यांवर राख कालवलेली चिकणमाती दाबून भरली आणि बारीक जाळावर ती सावकाश सुकू दिली.

थोरली मंडळी परतली. आजोबा दारातच सवयीने खोकले. दुसऱ्यांदा खोकायला काही कारणच सापडेना, म्हणून ते आणखी चिडले.

“नियम मोडलास, साळू! आत्ताच्या आत्ता पूर्वीसारखं लाव.”

साळूने हाताची माती धुतली.

“नाही लावणार, आजोबा. आणि तुम्हीही लावायचं नाही. ते बाळ आज पहिल्यांदा न खोकता झोपलंय.”

आजोबांनी मदतीसाठी आत्याबाईंकडे पाहिले. त्या केव्हाच चुलीपाशी हात शेकत बसल्या होत्या. शेवटी आजोबाही त्यांच्याशेजारी जाऊन हात शेकू लागले.

तात्पर्य : ज्या नियमाला प्रश्न सोसत नाही, तो नियम माणसांनी सोसू नये.